खदानीकडची भिंत

जमीन किती हलते ते मोजायचा माझा धंदा. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "मग पुढचा भूकंप कधी ते सांगा की." मला ह्या प्रश्नाची चीड येते. कधी येणार ते कुणालाच सांगता येत नाही. आलेला मोजता येतो, किती लांबून आला ते काढता येतं, आणि तो आल्यावर घर उभं राहावं म्हणून काय करायचं ते सांगता येतं. एवढ्यावरच आमच्या शास्त्राचं चाललंय आणि एवढ्यावरच माझंही पोट चालतं. तरी लोकांना माझ्या कामाचा फार आदर वाटतो. यंत्र, आकडा, छापील कागद आणि खाली सही असली की माणसं हात जोडतात. त्या हात जोडण्याचं काय होतं ते मी माझ्याच घरात पाहिलं.

माझे वडील गवंडी. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आमची वस्ती गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या अलीकडं, गावापासून जरा तुटक, माळाच्या कडेला. आजोबांनी छप्पन्न सालानंतर गावकीची सगळी कामं टाकून दिली आणि पोराच्या हातात काहीतरी कसब पाहिजे म्हणून आबांना एका म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली धाडलं. आज वस्तीत जेवढी दगडी घरं आहेत त्यातली बहुतेक आबांनी बांधलेली. गावातल्या मोठ्या लोकांची घरंही त्यांनीच बांधली, फक्त तिथं भिंती पूर्ण झाल्यावर त्यांना कुणी आत बोलावलं नाही. ह्याबद्दल आबा कधी बोलले नाहीत. मीच बोलतो, आणि माझं रक्त तापतं.

आबांची आयुष्यात एकच इच्छा राहिली होती. वस्तीतला विहार पत्र्याचा होता. तो दगडात बांधायचा असं वस्तीच्या बैठकीत ठरलं तेव्हा सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं, "आबा, इहार तुमीच बांधायचा." आबांनी सत्तरी गाठलेली. त्या दिवसापासून ते माळावरून एकेक दगड निवडून आणायचे, छिन्नीनं घडवायचे आणि विहाराच्या जागेवर रचून ठेवायचे. दोन वर्षांत तिथं कंबरेएवढा ढीग झाला. कुणी विचारलं की म्हणायचे, "ह्यो झाला की मी मोकळा."

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चार-पाच वर्षांचा होतो. आमच्याकडं फळीवरची भांडी वाजली, कुत्री भुंकली, एवढंच. पण आबा पुढं दोन वर्षं तिकडं पुनर्वसनाच्या कामावर गेलते. तिथून त्यांनी पैशापेक्षा मोठी गोष्ट आणली. तिकडची जुनी घरं जाड भिंतींची, पण भिंत म्हणजे बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि मधे माती अन् बारीक दगड भरलेले. जमीन हलली तसे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि झोपलेल्या माणसांवर आले. तिथल्या इंजिनिअरांनी गवंड्यांना शिकवलं, की दर दोन हातांवर एक लांब दगड भिंतीच्या आरपार घाला, म्हणजे तो दोन्ही थरांना धरून ठेवतो. दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या घराभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवा. आबा परत आले ते हे डोक्यात घेऊन. आल्या आल्या त्यांनी आमच्या घराची मागची भिंत उतरवली आणि नव्यानं उभी केली. मी त्यांच्याजवळ बसून आरपारचे दगड मोजायचो. शाळेत पाढे शिकवायच्या आधी मला ते त्या भिंतीवरून आले.

त्यामुळेच असेल, मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं. पुढं एका धरणावरच्या भूकंप मापन केंद्रात हंगामी नोकरी लागली. तिथं सावकाश फिरणारं पिंप होतं, त्यावर कागद गुंडाळलेला आणि एक पेन त्यावर रेघ ओढत असायचं. रोज सकाळी जुना कागद काढायचा, नवा लावायचा, जुन्यावर तारीख घालायची. भूकंप आला की आधी एक बारीक थरथर उमटते आणि थोड्या वेळानं मोठी. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळानं आला ह्यावरून ढग किती लांब ते आपण ओळखतो, तसंच ह्या दोन थरथरींमधल्या सेकंदांवरून भूकंप किती लांबचा ते काढायचं. सुरुंगाची रेघ वेगळी. ती एकदम उठते, लगेच विझते आणि बहुधा दुपारच्या जेवणाआधी येते. भूकंपाला जेवणाची सुट्टी नसते, असं आमचे साहेब म्हणायचे. मला ते काम फार आवडलं होतं.

मग ते केंद्र आपोआप चालणारं झालं. कागद गेला आणि कागद बदलणारेही गेले. मी एका खाजगी कंपनीत लागलो. खदानीत सुरुंग उडवल्यावर जवळपासच्या घरांपाशी जमीन किती हलते ते मोजून देणारी ही कंपनी. शास्त्र तेच, फक्त यंत्र शाळेच्या डब्याएवढं. डब्याला वायर आणि वायरीच्या टोकाला मुठीएवढा एक गोळा. हा गोळाच हलणं टिपतो. त्याला खाली तीन खिळे असतात. ते कडक जमिनीत दाबून बसवायचे, वर वाळूची पिशवी ठेवायची. गोळा जमिनीशी एक झाला पाहिजे. तो सुटा राहिला, किंवा खाली काही मऊ असलं, तर आकडा खोटा येतो. हे आमच्या कामातलं पहिलं वाक्य, आणि मी ते नव्या पोरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलोय.

हायवेचं काम निघालं आणि आमच्या माळावर खदान आली. माळ एका पुढाऱ्याचा. त्यानंच खदान घातली, शेजारी खडीचा क्रशर बसवला. दुपारी भोंगा वाजायचा, मग जमिनीतून एक दणका यायचा आणि पाठोपाठ आवाज. पहिले काही दिवस लोकांना गंमत वाटली. मग पिठात धूळ, दुधात धूळ. आणि मग तडे. वस्तीतल्या नऊ-दहा घरांना तडे गेले. आमचं घर खदानीला सगळ्यात जवळ. किल्लारीनंतर बांधलेल्या त्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्यातून एक बारीक चीर वर चढली.

आबांनी त्या चिरेवर स्वतःचं यंत्र बसवलं. फुटक्या आरशाची बोटभर पट्टी कापली आणि चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवली. चीर जुनी असली, थांबलेली असली, तर काच तशीच राहते. भिंत हलत असली तर काच तुटते. तिसऱ्या सुरुंगाला काच मधोमध तुटली. आबांनी दुसरी लावली, तीही गेली. ह्यापेक्षा साधा आणि खरा पुरावा मी आजवर पाहिलेला नाही. पण तक्रारीची चौकशी करायला तलाठी आले तेव्हा म्हणाले, "काच पंचनाम्यात येत नाही, आबा. मशीनचा आकडा पाहिजे."

वस्तीनं तालुक्याला अर्ज दिला. बऱ्याच खेपा घातल्यावर हुकूम निघाला, की खदानमालकानं स्वखर्चानं एका सुरुंगाचं मोजमाप करून अहवाल द्यावा. मालकानं ज्या कंपनीला काम दिलं ती नेमकी माझी. मी कंपनीतल्या साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, हे काम मला द्या, माझंच गाव आहे. माझ्या माणसांसाठी खरा आकडा मीच काढणार, असं मला वाटत होतं. साहेब हसून म्हणाले, "तुझं गाव? बरं झालं, जेवायची सोय होईल." तेव्हाच मागं फिरायला पाहिजे होतं. आपल्याच घराचं मोजमाप आपण करू नये, एवढी साधी गोष्ट मला कळली नाही, कारण मला मिरवायचं होतं.

एप्रिल होता. सकाळीच मी मागच्या भिंतीच्या पायथ्याशी जमीन साफ केली, खिळे दाबून गोळा बसवला, वर वाळूची पिशवी ठेवली, डबा सुरू केला. दुसरं यंत्र खदानीत लावायचं होतं आणि सुरुंग किती भरतात ते मला डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून मी तिकडं निघालो. निघताना मायला म्हणालो, "माय, ह्याला जप. लई नाजूक हाय, महागाचं हाय."

"तू जा बिनघोर. मी इथून हलत न्हाई," माय म्हणाली.

खदानीच्या मॅनेजरनं मला चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, आज ऊन लई हाय. थोडं हलकंच उडवू की." मी त्याच्यावर डाफरलो. रोज सुरुंगाची जेवढी भोकं भरता तेवढीच भरायची, मी उभा राहून मोजणार. आणि मी मोजली. ऊन मी म्हणत होतं, तरी प्रत्येक भोकापाशी उभा राहिलो. मॅनेजर मालकाशी फोनवर कुजबुजला, मग मुकाट भरायला लागला. भोंगा वाजला, माळ हादरला, धूळ उठली. माझ्या पायाखाली जमीन सरकली आणि मला आनंद झाला. आज ह्यांची पोल उघडी पडणार, असं मनाशी म्हणत मी तलाठ्यांना आणि दोन पंचांना घेऊन घराकडं निघालो.

गोळा ओसरीत होता. मायनं तो भिंतीपासून उचलून सावलीत आणला होता. खाली चार घड्या केलेली गोधडी, तिच्या स्वतःच्या जुन्या लुगड्यांची, माझ्या लग्नात शिवलेली. वर एक ओला कपडा, तापू नये म्हणून. वाळूची पिशवी बाजूला नीट उभी करून ठेवलेली. डबा शेजारी पाटावर, वायर शाबूत. आमच्याकडं पाहुणा आला की त्याला भुईवर बसवत नाहीत, घरातली सगळ्यात चांगली गोधडी काढतात. मायनं माझ्या यंत्राला पाहुण्याचा मान दिला होता.

"कोंबड्या टोचायला लागल्यात्या त्येला," माय कौतुकानं म्हणाली. "अन् ऊन किती! हात लावला तर चटका बसला. म्हनलं लेकराचं यंत्र, हितं गार जागेत ठिवावं. एक माशी बसू दिली न्हाई बघ."

तलाठी खाली वाकले, डब्यावरचा आकडा बघितला आणि पंचनाम्यात उतरवला. आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली होता. असणारच. गोधडीनं सगळा दणका पिऊन टाकला होता. गोळा हलवल्यानं काय बिघडलं, हे तिथं फक्त मला माहीत होतं. तलाठी म्हणाले, "म्हंजे काही विशेष नाही." पंचांनी सह्या केल्या. माय दारात उभी राहून हसत होती. मी तिच्याकडं बघितलं. तिथं, सगळ्यांसमोर, हे मोजमाप बाद आहे असं म्हणायला मला जीभ नव्हती. नंतर साहेबांशी बोलू, दुसरा सुरुंग मागून घेऊ, असं ठरवलं. माणूस शेपूट घालतो तेव्हा असंच काहीतरी नंतरचं ठरवतो.

साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोनच रस्ते आहेत. एक, आकडा आला तो आला. पंचनामा झालाय, सह्या झाल्यात. दुसरा, तू लिही की तक्रारदाराच्या घरच्यांनी यंत्र हलवलं. मग अख्खी तक्रार निकालात निघेल आणि तुझ्या आईवर यंत्राशी छेडछाड केल्याचं बालंट येईल. आणि यंत्र सोडून तू गेलास कसा, हे मी तुला विचारीन ते वेगळं." तिसरा रस्ता होता. मी स्वतः तालुक्याला जाऊन लिहून देऊ शकत होतो, की चूक माझी, यंत्रापाशी माणूस न ठेवता मी गेलो, पुन्हा मोजा. त्यात मायवर काहीच आलं नसतं. फक्त माझी नोकरी गेली असती. कायम करण्याच्या यादीत त्या महिन्यात माझं नाव होतं. हे मी आज इतकं सरळ लिहितोय, पण तेव्हा तो रस्ता मला दिसलाच नाही असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खोटं आहे. मला तो दिसला होता.

आमच्या छापील अहवालात एक ओळ असते, तड्यांचं संभाव्य कारण. ती कोरी ठेवली तरी चालतं. मी साहेबांना तसं म्हणालोही. ते म्हणाले, "कोरं बघून लोक प्रश्न विचारतात. काहीतरी टाक." मी टाकलं, "बांधकामातील त्रुटी." तीन शब्दसुद्धा नाहीत. लिहिताना डोक्यात एवढंच होतं, की हे कोण वाचतंय.

वाचलं सगळ्यांनी. ग्रामसभेत तलाठ्यांनी अहवाल मोठ्यानं वाचला. कंपन मर्यादेत. तड्यांचं कारण बांधकामातील त्रुटी. पुढारी खुर्चीवर बसला होता, त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही, त्याला उघडायची गरजच नव्हती. वस्तीतल्या सगळ्या माना आबांकडं वळल्या. मी तिथं नव्हतो. मला हे चुलत्यांनी सांगितलं. आबा म्हणाले, "माझ्या भिंती कच्च्या न्हाईत." तेव्हा वस्तीतलाच एक जाणता माणूस, ज्याचं घर आबांनी एक पैसा न घेता बांधलं होतं, म्हणाला, "आबा, मशीन कावून खोटं बोलंल? अन् मशीन तुमच्याच पोराचं हाय. त्येनंच लिवलंय." त्यावर आबा खाली बसले.

महिन्याभरात बैठक झाली. विहाराचं काम तालुक्याच्या एका ठेकेदाराला गेलं. कुणी आबांना वाईट शब्द बोललं नाही. तुमचं वय झालं, उन्हातान्हाचं काम, असंच सगळे म्हणाले, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त झोंबलं. ठेकेदाराला सिमेंटच्या विटांचं काम येत होतं, दगडाचं नाही. आबांनी दोन वर्षं घडवलेले दगड त्यानं फोडून पायाच्या भरावात टाकले.

मी घरी जायचं टाळायला लागलो. कधी काम, कधी पोरीची परीक्षा, कारणांना काय तोटा. फोनवर माय सांगायची, आबा बोलत नाहीत, ओळंबा घेऊन घरोघर हिंडतात, लोकांच्या भिंती सरळ आहेत का ते दोरी लावून बघतात, लोक हसतात. एकदा म्हणाली, "तवा किल्लारीहून आल्तं तवा थकलं होतं रे हे. लक्ष नसंल कामात. व्हती चूक मानसाकडनं." पंचवीस वर्षं जी बाई नवऱ्याच्या हातची भिंत पाहुण्यांना हात धरून दाखवायची, ती असं म्हणाली. यंत्रानं सांगितलं म्हणून. माझ्या यंत्रानं. मी फोन ठेवला आणि जेवलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी कायम झाल्याचं पत्र आलं म्हणून ऑफिसात पेढे वाटले. दोन्ही मीच केलं.

मग दिवाळीनंतर मायचा फोन आला. "तू ये. ह्यांनी मागची भित पाडायला घेतली. उद्या कुनाच्या अंगावर पडली तर पाप नगं म्हनतेत. ऐकंना कुनाचं."

मी सकाळच्या गाडीनं गेलो. मागच्या बाजूला पत्र्याखाली बल्ल्यांचे टेकू दिलेले. आबा पहार घेऊन भिंतीशी उभे, अंगातला सदरा घामानं चिकटलेला. वरचा भाग कंबरेपर्यंत खाली आला होता, निम्मी भिंत उभी होती. पलीकडं दोन-तीन शेजारी बसून बघत होते. "जयभीम" म्हणाले आणि जरा वेळानं उठून गेले. माय पाणी देऊन चुलीकडं गेली.

आबांनी मला हातानं जवळ बोलावलं. "हे बघ."

उघड्या पडलेल्या भिंतीत आरपारचा लांब दगड दिसत होता. दोन्ही बाजूंचे थर त्याला घट्ट धरून होते. आबांनी पहार दगडाच्या सांध्यात घातली आणि सगळं वजन टाकलं. दगड हलला नाही.

"चार दिस झाले," आबा म्हणाले. "येक येक दगड काढताना जीव जातुय. चीर कोपऱ्यात हाय तेवढीच हाय, आत कुठंबी सुटलेली न्हाई. कच्ची भित आशी असती व्हय?" त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. माणूस तापातून उठल्यावर असतो तसा, थकलेला. मग तो आनंद गेला आणि त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "मग तुझं यंत्र तसं कावून म्हनलं?"

मी सांगितलं. गोधडी, ओला कपडा, सावली, सगळं. गोळा मऊ जागेवर असला की आकडा कसा खाली येतो ते सांगितलं. साहेबांचे दोन रस्ते सांगितले. तिसराही सांगितला, आणि तो मी का धरला नाही तेही. आबा दगडांच्या ढिगावर बसून ऐकत होते. चुलीकडून मायचा भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

ते म्हणाले, "तिला सांगू नगं. मरंल ती."

"न्हाई सांगत."

"गोधडी तिनं टाकली. तिला काय ठावं." "कागद कुनी लिवला?"

मी म्हणालो, "आबा, मी तालुक्याला जाऊन लिहून देतो. आज देतो. ग्रामसभेत येऊन सगळ्यांसमोर सांगतो. नोकरी गेली तर जाईल." हे बोलताना माझा आवाज किती बारीक होता ते मला ऐकू येत होतं. आबांनाही आलं असणार. चाळीस वर्षं दगडावर बोट वाजवून आतून पोकळ आहे का भरीव ते ओळखत आलेला माणूस.

"काय सांगशील लोकांला? तुझ्या मायनं यंत्र हलवलं म्हनून? वस्ती तिला सुखानं जगू दील? का तू खोटं लिवलं म्हनून?" ते म्हणाले. "इहाराचं छत टाकून झालं गेल्या हप्त्यात. झालं ते आता. आता काय माझ्या हाती देतेत व्हय त्यो?"

"मग ही भिंत तरी राहू द्या. पक्की हाय ना. वर मी भरून घेतो, माणसं लावतो."

आबा उठले. पहार हातात घेतली. "पाडायला म्याच घेतली. कच्ची हाय म्हनून साऱ्या वस्तीला सांगून घेतली. आता निम्मी ठिवली तर लोक इचारतेल, कावून ठिवली. मग काय सांगू?"

ह्याचं उत्तर मी आठ महिन्यांपूर्वी द्यायला पाहिजे होतं. आबांनी पहार सांध्यात घातली आणि जोर केला. मी त्यांच्या हातातून पहार घेतली. त्यांनी दिली. कुठं घालायची ते बोटानं दाखवलं, कारण ती भिंत कुठून सुटेल हे फक्त त्यांना माहीत होतं, आणि मग ते घण घेऊन दुसऱ्या बाजूला उभे राहिले.

पलीकडच्या रस्त्यानं जाणारं कुणीतरी थांबून म्हणालं, "बरं केलं आबा, पाडली ती. धोका नको." आबा म्हणाले, "व्हय बाबा, कच्चीच होती." आणि त्यांनी घण उचलला.

ती भिंत पाडायला आम्हा दोघांना आणखी दोन दिवस लागले.